चार बोटं कोरडा माथा

डिचोली,
३ सप्टेंबर २०२५

चि. सुविधास,
अनेक आशीर्वाद.

चवथीला तुमच्याकडे गणपतीपुढे, फळाफुलांच्या माटोळीखाली बसून मी जे बोललो ते तुला आवडलं नाही, हे मला तुझ्या नाकावरून कळलं. तुझ्या आईने, शालिनीने, नेवऱ्यांचं ताट पुढे केलं नसतं तर तू उठून गेली असतीस. पण तू भांडत नाहीस, गप्प राहतेस, आणि गप्प माणसाशी वाद जिंकता येत नाही. म्हणून हे पत्र. फोनवर माझ्यातला आमदार बोलतो, तुला माहीतच आहे.

तर ऐक. किनाऱ्याकडचे खाजन बांध दोन फूट उंच करायची एक योजना आली आहे. कारण काय, तर हवामान बदललं, समुद्र चढतोय. त्या योजनेची छाननी करणाऱ्या विधानसभेच्या समितीचा अध्यक्ष तुझा मामा आहे. ऑक्टोबरात आम्ही कोरगावला येऊन लोकांचं ऐकणार. माझं मत तुला ठाऊक आहे. समुद्र जिथे होता तिथेच आहे. मोरजेला मी पंचेचाळीस वर्षं जातो, वाळू तीच, पाणी तेच, फक्त चहा महागला. हे समुद्र चढल्याचं खूळ थंड देशांत बसून कोणीतरी काढतं आणि आपण इथे घाम पुसत मान डोलावतो.

पण सभेत नुसतं मत चालत नाही. तुझा आजो, परशुरामबाब, चाळीस वर्षं तुमच्या मानसेवर उधाणाचं पाणी मोजून वहीत लिहायचा ना? ती वही तुझ्याकडेच असणार. मला त्यातले आकडे हवेत. तू लहानपणी दम्यापायी शाळेत जात नव्हतीस तेव्हा दर सोमवारी मी तुला पोस्टकार्डावर गणित घालायचो. आता उलट. मी गणित घालतो, तू सोडव.

एक अट. वहीत असेल तेच लिही. माझ्या सोयीचं नको, तुझ्याही नको.

तुझा
प्रमोदमामा

कोरगाव,
११ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप मामास,
सुविधाचा साष्टांग नमस्कार.

उत्तराला आठवडा लागला, कारण मी सगळी वही तीनदा उतरवून काढली. पहिल्यांदा उतरवताना १९९१ आणि १९९२ची अदलाबदल झाली असा मला संशय आला, म्हणून दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा ती बरोबर निघाली, पण मग बाकीच्यांचा भरवसा वाटेना. आई म्हणाली, "अगो, पाणी मोजलंय, सोनं नाही."

डिचोलीला खाजन नाही, म्हणून आधी थोडं सांगते. आमची शेतं नदीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. खारं पाणी आत येऊ नये म्हणून नदीकाठाने चिखलाचा लांबलचक बांध, आणि बांधात एका जागी चिऱ्याच्या दोन खांबांत बसवलेली लाकडी दारं, ती मानस. भरती आली की पाण्याच्या रेट्यानेच दारं मिटतात, ओहोटीला उघडतात. पावसाळा सरताना दोन मोठी उधाणं येतात, भाद्रपदाची अवस आणि आश्विनाची पुनव. त्या वेळी पाणी बांधावरून उडालं तर कोरगुट भाताचं उभं पीक गेलं, आणि मीठ शिरलेल्या जमिनीत पुढची दोन-तीन वर्षं काही पिकत नाही.

आजो ह्या दोन्ही उधाणांना बांधावर बसायचा आणि पाणी बांधाच्या माथ्याखाली किती बोटं थांबलं ते लिहायचा. आता आकडे. १९८४ साली चार बोटं. १९८५, चार. १९८६, तीन. १९८७, चार. मी सगळे वेगळ्या कागदावर जोडले आहेत. चाळीस वर्षांत पाचाच्या वर नाही आणि तीनाच्या खाली नाही. आलेख काढला तर रेघ इतकी सरळ येते की मी पट्टी न लावता काढली तरी चालली असती!

मामा, मला खरंच वाटलं होतं की पाणी चढलेलं निघेल. वर्तमानपत्रात वाचून वाचून मन तसं झालं होतं. सरळ रेघ दिसली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी जनेलापाशी उभी राहून शेताकडे पाहत हसत होते. आईने विचारलं, "कोणाचं पत्र?" मी म्हटलं, "आजोचं."

बोटं कोणाची, ही एक शंका होती. मानस आता शंभूकाका राखतात. ते म्हणाले, शेवटपर्यंत आजोचीच. आजो गेल्यावरची दोन वर्षं मात्र वहीत नाहीत. ह्या अवसेला मी स्वतः जाऊन मोजीन, म्हणजे यादी निदान ह्या वर्षापर्यंत येईल.

तुझी
सुविधा

डिचोली,
१७ सप्टेंबर २०२५

चि. सुविधा,

शाबास! शाबास! शाबास! तीन वेळा, कारण तू तीनदा उतरवलंस.

तुझं पत्र आलं तेव्हा मी उंडा पाव चहात बुडवून बसलो होतो. वाचता वाचता अर्धा उंडा कपात पडला आणि रोहिणीमामी म्हणाली, "तुमची योजना बुडाली वाटतं." मी म्हटलं, "माझी नाही, त्यांची!"

काल डिचोलीच्या सभेत मी तुझे आकडे वाचले. एकेक वर्ष. "चौऱ्याऐंशी?" मी विचारायचो. "चार बोटं!" लोक ओरडायचे. पंधराव्या वर्षापर्यंत तर माझ्याआधी तेच बोलू लागले. वीस वर्षांच्या राजकारणात अशी सभा झाली नाही. रात्रीच पत्रक छापायला दिलं. शीर्षक 'चाळीस वर्षं, चार बोटं'. तीन हजार प्रती. खाली तुझं नाव घातलं आहे, 'संकलन: कु. सुविधा, कोरगाव'. लाजू नकोस. ज्याने मोजलं त्याचं आणि जिने लिहिलं तिचं नाव यायलाच हवं.

समितीची सुनावणी ठरली. रविवार, १२ ऑक्टोबर, सकाळी दहा, तुमच्या देवळाचा मंडप. तू पहिल्या रांगेत बस. आणि अवसेचं मोजून झालं की लगेच कळव, दुसऱ्या आवृत्तीत घालू!

मामा

कोरगाव,
२२ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप मामास,
साष्टांग नमस्कार.

मामा, पत्रक वाटणं थांबव. कारण लगेच खाली लिहिते, पण हे वाक्य आधी वाचलं जावं म्हणून आधी लिहिलं.

काल अवस. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे पंधराची सव्वाअकरा. मी आणि शंभूकाका अकरालाच बांधावर जाऊन बसलो. पाणी चढत चढत आलं, थबकलं. मी पालथी पडून हात खाली सोडला आणि मोजलं. चार बोटं! मी टाळीच वाजवली. म्हटलं, "काका, बघा, चारच! एकेचाळीस वर्षं चार!"

शंभूकाका विडी शिलगावत होते. म्हणाले, "चारच आसतली गो बाये. चार रवची म्हणान तर आमी दर वैशाखात चिखल घालतांव."

मी विचारलं, म्हणजे काय. ते माझ्याकडे असं बघत राहिले जसं शिकलेल्या माणसाकडे बघतात. मग सांगितलं. उधाणाला बांधाचा माथा चार बोटं कोरडा राहिला पाहिजे, हा नियम आहे. आजोच्या आधीपासूनचा. उधाणाला तीनच बोटं राहिला असं दिसलं की वैशाखात सगळी कुळं मिळून एक बोट चिखल चढवतात. चारच राहिला तर तेवढा नुसता लिंपतात. आजो मोजायचा तो ह्यासाठी, पुढच्या वैशाखात किती चिखल लागेल ते कळावं म्हणून.

मामा, कळलं का तुला? पाणी माथ्यापासून मोजलं, आणि माथा दर वर्षी आम्हीच वर नेला. पाणी चढलं असेल तितके आम्हीही चढलो. मग वहीत चारशिवाय काय येणार? ती रेघ समुद्राची नाहीच. ती आमच्या चिखलाची आहे.

मी बांधावरून घरी कशी आले आठवत नाही. मी गणित शिकवते मामा. पेडण्याच्या शाळेत नववीच्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, कुठून मोजलं ते आधी लिहा. आणि मीच ते विचारलं नाही. बोटं कोणाची हे विचारलं, माथा कोणाचा हे विचारलं नाही.

हेही लिहायला हवं, नाही तर मी दुसऱ्या बाजूने तीच चूक करीन. चिखल खचतोही. म्हणजे दर वर्षी घातलेला सगळा चिखल पाणी चढल्याचा पुरावा होत नाही. त्यातला किती खचण्यामुळे आणि किती पाण्यामुळे, मला आज सांगता येत नाही. ह्यासाठी एखादी न हलणारी खूण लागेल. ती मी शोधते आहे. पण पत्रकातलं माझं नाव असलेलं वाक्य खोटं आहे, एवढं मला आज सांगता येतं.

सुविधा

डिचोली,
२७ सप्टेंबर २०२५

चि. सुविधास,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदाही आला.

कोणी भरवलं तुला? ते पणजीचे पर्यावरणवाले येऊन गेले का? शंभू काय बोलला ते मला नको. शंभूला मी ओळखतो, तो विडीच्या दोन झुरक्यांत तीन मतं बदलतो. तुझ्याच पत्रात तू लिहितेस की चिखल खचतो. मग खचतो म्हणून घालतात! पन्नास वर्षं घर सारवलं म्हणून जमीन खाली गेली असं कोणी म्हणतं का?

आता तुला एक सांगतो, जे मी सभेत सांगत नाही. २०१२ला इथल्या खाणी बंद झाल्या. त्या योग्य होत्या की अयोग्य, ते बाजूला ठेव. माझ्या गल्लीत सतरा ट्रक उभे राहिले, गंजले, टपांत रानवेली वाढल्या. कोल्हापूर-बेळगावहून आलेली माणसं पंधरवड्यात घरं सोडून गेली. तेव्हापासून बाहेरून कोणी फाइल घेऊन आला आणि 'पर्यावरण' म्हणाला की मला ते ट्रक दिसतात. आधी शब्द येतो, मग तज्ज्ञ येतो, मग आपल्याच जागेत आपल्याला परवानगी मागावी लागते. आज बांध उंच करतील, उद्या म्हणतील, हे खाजन धोक्याच्या रेघेत आहे, इथे घर दुरुस्त करायचं नाही. माझा विरोध खुळा नाही ग.

तुला न हलणारी खूण हवी ना? दाखव. पुनवेच्या उधाणाला, ७ ऑक्टोबरला, मी येतो. गाडी नको, माणसं नकोत, एकटा. खूण दिसली तर बघू. नाही दिसली तर १२ तारखेला तू पहिल्या रांगेत बसून गप्प राहायचं. कबूल?

मामा

कोरगाव,
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

तीर्थरूप मामास,
साष्टांग नमस्कार. सोनं समोर ठेवलं आहे, आलास की देईन.

कबूल! आणि खूण सापडली!

आधी मी बांधाखालचा खडक धरला, तो पाण्यातच असतो. मग माड धरला, तो वाढतो. मग शेजारच्या घराची पायरी, ती तीन वर्षांपूर्वी नवी बांधली आहे. दहा दिवस मी जे दिसेल त्याच्याकडे हे हलतं की नाही अशा नजरेने बघत होते. आई म्हणाली, माझ्याकडे बघू नको, मी हलते.

मग परवा वही मागून उघडली. मामा, मी ती तीनदा उतरवली पण पुढूनच. मागच्या पानांवर आजोने देवचाराच्या वाढपाची टिपणं ठेवली आहेत. आश्विनाच्या पुनवेला, कापणीच्या आधी, मानसेच्या राखणदाराला, म्हणजे ह्या देवचाराला, रोट आणि केळी ठेवतात, ते वाढप. ती ठेवायची जागा म्हणजे मानसेच्या उजव्या खांबात नदीच्या बाजूला कोरलेला कोनाडा. आणि नियम असा की देवाच्या ताटाला खारं पाणी लागता कामा नये. म्हणून आजोने दर वर्षी लिहून ठेवलं आहे, पाणी कोनाड्याच्या उंबऱ्याखाली किती राहिलं!

१९८४: सहा बोटं खाली. १९९५: पाच. २००३: चार, पुढे 'वारा होता' असं लिहिलं आहे. २०१०: दोन. २०१६: 'ताट आत सरकवलं.' २०१९: 'उंबरा भिजला. ताट खांबाच्या माथ्यावर ठेवलं, देवाची क्षमा मागितली.'

मी धावत शंभूकाकांकडे गेले. विचारलं, तुम्ही वाढप कुठे ठेवता? म्हणाले, वरच, आता सहा वर्षं तरी झाली, कोनाड्यात पाणी शिरतं. मी विचारलं, हे कोणाला सांगितलं का नाही? म्हणाले, "कोणेंय विचारूंक ना."

खांब हलला असेल का, हे मी तपासलं. तो चिऱ्याचा आहे आणि खाली कातळात खोदून बसवला आहे. ओळंबा सोडून पाहिला, सरळ आहे. दारं त्याच्यात अजून पूर्वीइतकीच नेमकी बसतात. खांब दोन बोटं जरी खचला असता तरी ती अडकली असती. मी एवढी आनंदात आहे की मला लाज वाटते, कारण बातमी आनंदाची नाही.

सात तारखेला पुनव संपून प्रतिपदा लागलेली असेल, म्हणून सोळाची पाऊणपट, बारा वाजता. जुनी पँट घालून ये.

सुविधा

डिचोली,
८ ऑक्टोबर २०२५

चि. सुविधा,

पँट अजून वाळत आहे. मामीला सांगितलं, पाय घसरला.

काल खांबाच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभा राहून त्या कोनाड्याकडे पाहत असताना शंभू वरून म्हणाला, "आमदारानूं, आनी मातशे वयर येयात, उदक तुमची परवानगी घेवंक रावचें ना." मला हसू आलं आणि रागही आला. मग पाणी उंबऱ्यावर चढलं. मी माझीच बोटं लावली. दोन. तू 'किती?' असं इतक्या हळू विचारलंस की मला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. मी 'दोन' म्हटलं.

पण ऐक. एका दिवसाचं पाणी हा पुरावा नव्हे. वरून धरणाचं पाणी सोडलं असेल. वारा होता. नदीच्या मुखाशी वाळू साचली असेल. काठाकाठाने भर घालून लोकांनी नदी आवळली आहे, पाणी जाणार कुठे? ह्यातलं काहीही असू शकतं.

आता जे लिहितो ते अध्यक्ष म्हणून लिहीत नाही. पत्रकं घरोघर गेली. टीव्हीवर मी चार बोटं वर करून दाखवली आहेत. माझा हात आता निशाणीसारखा झालाय, रस्त्यात पोरं मला चार बोटं दाखवतात. रविवारी माझ्या भाचीने भर मंडपात उभं राहून हे खोटं आहे म्हटलं तर माझं काय राहील? तू रविवारी घरी राहा. बरं नाही म्हण. मी अहवालात ते आकडे वगळतो, हळूच, कोणाला कळणार नाही. तुझंही नाव खराब होणार नाही, माझंही.

एवढं मामासाठी कर.

मामा

कोरगाव,
११ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप मामास,

हे पत्र आई हातोहात घेऊन येत आहे, म्हणजे तुला आज संध्याकाळीच मिळेल. मंडपात तू माझ्याकडून पहिल्यांदा ऐकावंस असं मला नको होतं.

मी उद्या येणार आहे आणि बोलणार आहे.

तीन दिवस मी घरी राहण्याची कारणं काढत होते. ताप आणता येतो का ते पाहिलं. दमा आहेच, तो बोलावला की येतो. पण काल शेजारच्या देवकीमावशी आल्या. पत्रक दाखवून म्हणाल्या, "बाये, तुजें नाव वाचलें. तू म्हणटा म्हणजे उदक चढूंक ना. आता ते दोन फूट कित्याक जाय? आमी ना म्हणून सांगतलों." मामा, त्यांचं शेत मानसेला लागून आहे. बांध फुटला तर पहिलं त्यांचं जाईल. त्या माझ्या नावावर विश्वासून ते घालवायला निघाल्या आहेत. तू अहवालातून आकडे हळूच काढशील, पण देवकीमावशींच्या डोक्यातून कोण काढणार?

मी लहान असताना तुझ्या पोस्टकार्डावर गणित चुकलं की मी खोडून टाकायची. तू लिहिलं होतंस, खोडू नको, चुकीवर एक रेघ मार आणि खाली बरोबर लिही, म्हणजे बघणाऱ्याला दोन्ही दिसतात. मी तेवढंच करणार आहे. तुझ्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. आकडे मी दिले, चूक माझी.

आई चपला घालून दारात उभी आहे. अक्षर वाईट आलं असेल तर माफ कर.

सुविधा

डिचोली,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. सुविधा,

तू पळालीस! एवढं मोठं बोलून मंडपाच्या मागच्या दाराने पळालीस आणि पुढची मजा चुकवलीस. म्हणून हे सगळं लिहिणं भाग आहे.

तू बोलत होतीस तेव्हा मी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होतो. आकडा एकही चुकला नाही तुझा. मधूनच कोणीतरी ओरडलं, "मामा-भाचीचें घरांत मिटयात!" आणि मंडप हसला. तू थांबलीस. मला वाटलं, झालं, बसली. तर तू म्हणालीस, "घरातच चुकलं होतं, म्हणून इथे सांगते." मग मी अध्यक्ष म्हणून तुला तीन प्रश्न विचारले. लोकांना वाटलं मी तुला उलटं टांगतोय. खरं सांगू, मलाही तसंच वाटत होतं. खांब हलला नाही कशावरून? तू ओळंब्याचं आणि दारांचं सांगितलंस. हा कोनाडा तुम्ही आधी का नाही सांगितला? म्हणालीस, "वही उलटी उघडली नव्हती." आणि तिसरा, माझा हुकमी, हे पाणी समुद्र चढल्यामुळेच चढलं असं तू शपथेवर सांगतेस? तू म्हणालीस, "किती समुद्रामुळे आणि किती नदी आवळल्यामुळे, ते मला माहीत नाही. चढलं एवढं माहीत आहे."

आणि पळालीस.

तू गेल्यावर तुझी ती देवकीमावशी उठली. हातात पत्रक. मला वाटलं फाडते. तिने चष्मा लावला, पत्रक डोळ्यांजवळ धरलं आणि मला विचारलं, "आमदारानूं, ती दोन बोटां तुमीच मोजली म्हण्टात. खरें?" शंभू मागून ओरडला, "पँट विचार तांची!" असा हशा उठला ग, की समितीचा सचिवही खाली वाकून हसत होता.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. वीस वर्षं मी अशा जागी तिसरी वाट काढतो. परवा निघाली नाही. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "मीच मोजली. दोन. पत्रक चुकीचं आहे, ते मी मागे घेतो, नोंद करा." सचिवाने विचारलं, "मागे घेतो असंच लिहू?" मी म्हटलं, "मग काय, पुढे घेतो लिहिणार?"

आता परिणाम. समिती बांध उंच करायची शिफारस करणार. माझी अट घातली आहे, की काम कुळांच्या सल्ल्याने होईल आणि खाजनात घर-शेत दुरुस्तीवर नवी बंदी येणार नाही. ती अट मी शेवटपर्यंत सोडणार नाही. हवामान बदलाबद्दल माझं वेगळं मत मी जोडलं आहे, दीड पान. त्यात एक शब्दही कमी केलेला नाही. पक्षातून दोन फोन आले. एकाने विचारलं, "तुमची भाची कुठल्या पक्षाची?" मी म्हटलं, शोधतोय.

घरात कोणी बोलत नाही माझ्याशी, म्हणजे रोहिणी फार बोलते. म्हणते, "तुम्ही हरलात ते इतकं छान दिसलं की पुन्हा हरा."

राग गेलेला नाही. पण तुझ्यावरचा नाही, एवढं कळलंय.

मामा

कोरगाव,
२३ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप मामास,
साष्टांग नमस्कार.

कापणी झाली! कोरगुट ह्या वेळी असा झुकला होता की शंभूकाका म्हणाले, भात स्वतःच आडवं पडून विळा मागतंय. देवकीमावशींनी पहिल्या दाण्यांची पेज पाठवली. माझ्याशी त्या पहिले दोन दिवस बोलल्या नव्हत्या. पेज घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या खेपेक आदीं वही उलटी उगड."

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही, तू मोजशील. मंडपातून मी थेट तळ्यापर्यंत पळाले होते आणि तिथे बसून मला वाटत होतं की मी तुला कायमची गमावून बसले. आई शोधत आली आणि म्हणाली, तुझा मामा हसतोय तिकडे. मला खरं वाटेना.

आजोच्या वहीत आता मी नवं पान सुरू केलं आहे. चार बोटांच्या रकान्यावर एक रेघ मारली आहे, खोडलं नाही, आणि बाजूला लिहिलं आहे, 'माथ्यापासून मोजलेलं'. नव्या पानावर मोजायचं ते कोनाड्याच्या उंबऱ्यापासून. पहिली नोंद अशी केली आहे: '७ ऑक्टोबर २०२५, आश्विन उधाण, दुपारी बारा. उंबऱ्यावर दोन बोटं. सकाळपासून वारा मंद. धरणाचं पाणी सोडलं होतं का, चौकशी केली, नव्हतं सोडलं.' ही चौकशी तू म्हणालास म्हणून केली.

मोजणाऱ्याचं नाव लिहायचं राहिलं आहे. बोटं तुझी होती. तुला विचारल्याशिवाय तुझं नाव मी कुठेच लिहिणार नाही, तू माझं छापलंस तसं. लिहू का? नाही म्हणालास तर मी नुसतं 'एका पाहुण्याने' असं लिहीन, आणि वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे, फार नाही.

सुविधा

[पोस्टकार्ड]

डिचोली,
२८ ऑक्टोबर २०२५

चि. सुविधा,

पाहुणा कोण ग? पूर्ण नाव लिही. प्रमोद, डिचोली. आणि पुढे लिही: 'पाणी स्वतः पाहिलं. कारण अजून पटलेलं नाही.' दोन्ही वाक्यं, एकाच ओळीत. एक गाळलंस तर वही घेऊन कोर्टात जाईन.

पुढच्या आश्विनात जुनी पँट घेऊन येतो.

मामा